गमबूट धुताना दोन मिनिटं स्वतःसाठी

पशुवैद्यकाची पदवी म्हणजे इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ताण घालवायला सुरू केलेली योगासनं एवढा काळ टिकत नाहीत. सवय टिकवायची तर ती रोजच्या कामालाच जोडा. क्लिनिकची ड्युटी संपली की गमबूट धुवावे लागतातच. ते नळाखाली धरले की ४ मोजत श्वास घ्या, ६ मोजत सावकाश सोडा. दोन मिनिटं पुरे. श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमुळे हृदयाचे ठोके मंदावतात, हे तुम्ही फिजिओलॉजीत शिकलाच आहात. शांत बसलेल्या कुत्र्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, तर श्वासागणिक बदलणारी ही लय ऐकूही येते.

जनावर दगावलं त्या दिवशी मात्र एवढ्यावर भागत नाही. अडलेली गाय वाचली नाही आणि मालक गोठ्यातच डोकं धरून बसला, हे मनातून सहजी जात नाही. त्याच संध्याकाळी वहीत दोन ओळी लिहा: आपण काय केलं, आणि काय आपल्या हातात नव्हतं. मग एखाद्या सीनियरशी बोला. खरं तर सीनियरनीच आपणहून विचारायला हवं, कारण नवी मुलं स्वतः तोंड उघडत नाहीत.

झोप उडाली, जेवण जाईना, असं पंधरा दिवस चाललं तर अंगावर काढू नका. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार आला, तर त्याच क्षणी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.