जीएसटीआर-३बीत कर जास्त दिसतोय, आकडा बदलता येत नाही: माझा अनुभव
जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र) भरताना एका बिलाची करपात्र रक्कम ४८,००० ऐवजी ८४,००० टाकली. ३बीत (कर भरायच्या विवरणपत्रात) तोच आकडा आला आणि रकाना बंद! (जुलै २०२५ च्या कालावधीपासून तो हाताने बदलता येत नाही.) लॉगआउट, दुसरा ब्राउझर, सगळं झालं. दोन संध्याकाळी गेल्या.

उपाय निघाला जीएसटीआर-१ए, म्हणजे भरलेल्या जीएसटीआर-१ मधली चूक सुधारायचा फॉर्म. ३बी फाइल करण्याआधीच: रिटर्न डॅशबोर्डवर तोच महिना निवडा, १ए उघडा, दुरुस्ती विभागात ९ए या तक्त्यात बिल क्रमांक शोधा, रक्कम सुधारून सेव्ह करा, समरी तयार करा, ईव्हीसीने (ओटीपी टाकून) फाइल करा. थोड्या वेळाने ३बीत आकडा आपोआप सुधारला.

१ए एका कालावधीसाठी एकदाच भरता येतो, म्हणून बाकीची बिलंही तपासून घ्या. ग्राहकाचा जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) चुकला असेल तर मात्र तो पुढच्या जीएसटीआर-१ मध्येच दुरुस्त होतो.