शाळा आणि वस्तीने मिळून एक ओढा कसा सांभाळावा

शाळांचे पर्यावरणाचे उपक्रम बहुतेक वेळा सुट्टीत बंद पडतात. मुलं मन लावून रोपं लावतात, काठ स्वच्छ करतात, तक्ते रंगवतात. मग परीक्षा येतात, लांब सुट्टी लागते, आणि रोपांची तहान काही शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही. वस्तीने सुरू केलेली कामं थंडावतात ती वेगळ्या कारणाने. चार-पाच उत्साही माणसं सगळा भार उचलतात आणि काही वर्षांत थकतात. शाळेत दरवर्षी नवी मुलं येत असतात, वस्तीतली माणसं बारा महिने तिथेच असतात. एकाकडे जे कमी आहे ते दुसऱ्याकडे भरपूर आहे. म्हणून हे काम पहिल्या दिवसापासून दोघांनी मिळून आखावं, असं मला कळकळीने वाटतं.

इथे उदाहरण ओढ्याचं घेतलं आहे, कारण ओढा मुलांना खूप शिकवतो आणि त्याच्या तब्येतीतला बदल तुलनेने लवकर दिसतो. तुमच्याजवळ तळं, माळरान, टेकडी किंवा शाळेमागची पडीक जागा असेल, तरी कामाचा क्रम साधारण हाच राहतो.

पहिली पायरी: चालत जाता येईल एवढीच जागा घ्या

सगळी नदी वाचवायचा मोह होतो. तो आवरा. ओढ्याचा शंभर-दोनशे मीटरचा एकच पट्टा निवडा आणि तो शाळेपासून दहा मिनिटांच्या अंतरावर असू द्या. जिथे जायला गाडी ठरवावी लागते, तिथे वर्षातून दोनदा जाणं होतं. चालत जाता येतं तिथे जोडतासिकेतही भेट होते.

काठाची जमीन कोणाची, ओढ्याची देखभाल कोणत्या खात्याकडे, हे आधी विचारून घ्या आणि परवानगी लेखी घ्या. वरच्या अंगाला कारखान्याचं सांडपाणी सुटत असेल, काठ ढासळता असेल किंवा पाणी अचानक वाढत असेल, तर मुलांसाठी दुसरी जागा शोधा. दूषित पाण्याचा प्रश्न महत्त्वाचाच आहे, पण त्यात मुलांना उतरवून तो सुटणार नाही.

दुसरी पायरी: गट बांधा, आणि सुट्टीचा प्रश्न पहिल्याच बैठकीत सोडवा

१९९४ साली डेन्मार्क, जर्मनी, ग्रीस आणि ब्रिटन या देशांत ‘इको-स्कूल्स’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे अनेक देशांत पसरला. त्याच्या सात पायऱ्यांपैकी पहिली पायरी म्हणजे विद्यार्थ्यांचा प्रत्यक्ष सहभाग असलेली समिती. हा क्रम मला फार योग्य वाटतो. मुलांना फक्त झाडू आणि रोपं हातात दिली की ती मोठ्यांनी ठरवलेलं काम करतात. काय करायचं हे ठरवायला त्यांना बसवलं की काम त्यांचं होतं.

गटात वेगवेगळ्या इयत्तांची मुलं घ्या, म्हणजे एक तुकडी शाळा सोडून गेली तरी माहिती सोबत जात नाही. शिक्षक दोन तरी हवेत. एकाच शिक्षकाच्या खांद्यावर उभा असलेला उपक्रम त्यांची बदली झाली की बसतो. वस्तीतून काठाशेजारी राहणारी माणसं घ्या. शाळेच्या माळीकाकांना आणि शिपाईमामांना आवर्जून बोलवा, कारण जागा, अवजारं आणि पाण्याचे नळ यांची खरी माहिती त्यांनाच असते.

पहिल्या बैठकीत एक कागद तयार झाला पाहिजे: सुट्टीच्या कोणत्या आठवड्यात कोणतं घर ओढ्यावर नजर ठेवणार, रोपांना पाणी कोण घालणार, अडचण आली तर फोन कोणाला करायचा. ‘बघू पुढे’ म्हणून हा विषय सोडला की तो कायमचा राहिलाच म्हणून समजा.

मग मुलांना वस्तीतल्या आजी-आजोबांकडे पाठवा. पूर्वी पाणी कुठवर यायचं, कोणते मासे दिसायचे, पोहायची जागा कुठे होती, बदल कधीपासून जाणवला, हे विचारून लिहून घ्यायला सांगा. त्यावरून हाताने एक मोठा नकाशा काढा. सगळ्यांच्या आठवणी जुळणार नाहीत. जुळत नाहीत त्याही नोंदवा.

तिसरी पायरी: आधी मोजा, मग हात लावा

ही पायरी सर्वांत जास्त गाळली जाते, आणि मला हीच सर्वांत महत्त्वाची वाटते. आज ओढा कसा आहे हे नोंदवलं नाही, तर तीन वर्षांनी तो सुधारला की बिघडला हे कोणीच खात्रीने सांगू शकणार नाही.

सुरुवात पाण्यातल्या किड्यांपासून करा. पाण्याची रासायनिक चाचणी त्या क्षणाचं पाणी सांगते. तळाशी राहणारे किडे कित्येक आठवडे, काही तर महिनोन्‌महिने त्याच पाण्यात काढतात, म्हणून मधल्या काळात काय घडून गेलं याचे ते साक्षीदार असतात. पाणी दगडांवरून खळाळत जातं अशी, गुडघ्याखालच्या खोलीची जागा शोधा. एकाने बारीक जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला तळाशी टेकवून धरायची, दुसऱ्याने वरच्या बाजूला पायाने तळ ढवळायचा. सुटलेले किडे वाहत जाळीत येतात. वेळ ठरवून घ्या, समजा तीन मिनिटं, आणि दरवेळी तेवढीच ठेवा. जाळीतला सगळा ऐवज थोडं पाणी घातलेल्या पांढऱ्या ट्रेमध्ये उलटा करा आणि थांबा.

सुरुवातीला ट्रेमध्ये नुसता पालापाचोळा आणि वाळू दिसते. मुलं म्हणतात, यात काहीच नाही. गाळ खाली बसतो तसं एकेक काही हलू लागतं. एखादी काडी चालायला लागते. ती कॅडिसफ्लायची अळी, वाळूचे कण आणि काड्या चिकटवून स्वतःभोवती घर बांधणारी. चपट्या अंगाची, बहुधा तीन शेपट्यांची, पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे कल्ले फडफडवणारी ती मेफ्लायची पिल्लं. दोनच शेपट्या आणि पायांच्या टोकाला दोन नख्या असतील, तर बहुधा स्टोनफ्लाय. चतुर आणि टाचणी या उडणाऱ्या कीटकांची पिल्लंही सापडतील. आणि लालभडक, वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्या कायरोनोमिड माशीच्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ऑक्सिजन फार कमी असलेल्या गाळातही त्या तग धरतात.

यावरून काय वाचायचं? मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या तिघांना साधारणपणे स्वच्छ, ऑक्सिजनयुक्त पाणी लागतं. ती चांगल्या संख्येने आणि वेगवेगळ्या जातींची सापडली तर ओढ्याची तब्येत बरी आहे. नुसत्या लाल अळ्या आणि गाळातले बारीक किडे उरले असतील, तर वरून कुठून तरी सांडपाणी येत असण्याची शक्यता मोठी. किडे मऊ कुंचल्याने किंवा चमच्याने हाताळा, ट्रे सावलीत ठेवा, आणि मोजणी झाली की जिथून घेतले तिथेच सोडा.

यासोबत तीन साधी मापं घ्या. पहिलं तापमान. समुद्रसपाटीच्या जवळ, २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला तो साडेसातच्या आसपास उतरतो. काठावरची सावली गेली की मासे का गुदमरतात, हे मुलांना या दोन आकड्यांतून नीट कळतं. दुसरं माप सामू (pH), म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते. ओढ्याचं पाणी बहुधा ६.५ ते ८.५ च्या दरम्यान असतं. एकाच आकड्याने घाबरू नका, अचानक झालेला बदल मात्र गांभीर्याने घ्या. तिसरं माप गढूळपणा. इटलीचे खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता तपासताना पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती दिसेनाशी होण्याची खोली मोजली. उथळ ओढ्यात तबकडी सोडता येत नाही, तिथे उभी पारदर्शक नळी वापरतात. नळीच्या तळाशी काळ्या-पांढऱ्या रंगाची चकती चिकटवा, वरून डोकावत हळूहळू पाणी ओता, चकती दिसेनाशी झाली की पाण्याची उंची मोजा. ही नळी मुलं स्वतः बनवू शकतात.

पद्धत बदलू नका, ही अट मात्र कडक पाळा. १९९५ पासून जगभरच्या शाळांकडून पर्यावरणाची मोजमापं गोळा करणारा ‘ग्लोब’ कार्यक्रम याच तत्त्वावर चालतो. सगळ्यांची पद्धत एक असेल तरच आकड्यांची तुलना करता येते. तीच जागा, तीच जाळी, साधारण तीच वेळ. काठावर एक खुंटी ठोका आणि दर महिन्याला तिथूनच, त्याच दिशेने एक फोटो घ्या. वर्षभरात हे बारा फोटो पुष्कळ काही सांगतात.

पाण्यात उतरण्याचे नियम लिहून भिंतीवर लावा. मोठ्या पावसानंतर उतरायचं नाही. जखम असेल तर काठावर बसून नोंदी घ्यायच्या. पायांत बंद बूट, नंतर साबणाने हात धुणं, आणि मुलांजवळ कायम मोठी माणसं. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार जखमेवाटे शरीरात शिरतो, म्हणून यात सवलत नको.

चौथी पायरी: कचरा उचला, पण मोजून

स्वच्छता मोहिमेत कचऱ्याची पिशवी भरली की लोक समाधानी होतात. पिशवीत काय भरलं, हे मात्र कोणी पाहत नाही. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झालेल्या सागरकिनारा स्वच्छता मोहिमेने स्वयंसेवकांना कचरा उचलतानाच वस्तूंची नोंद करायला लावली. तिथून ती मोहीम जगभर गेली. सिगारेटची थोटकं अनेक वर्षं तिच्या यादीत सर्वांत वर होती. बहुतेक थोटकांमधला फिल्टर सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे प्लास्टिकचाच असतो, हेही मुलांना सांगण्यासारखं आहे.

तुमच्या यादीत जी वस्तू सर्वांत वर येईल, तिचा माग काढा. वेष्टनं असतील तर ती कुठून येतात? वाऱ्याने उडून, की वरच्या नाल्यातून? कचराकुंडी भरून वाहते म्हणून? उत्तर मिळालं की पुढचं काम आपोआप ठरतं, आणि ते बरेचदा ओढ्यापासून लांब, एखाद्या उघड्या कुंडीपाशी असतं. काच, सुया आणि ओळखू न येणारे डबे मुलांनी उचलायचे नाहीत. ते मोठ्यांचं काम.

पाचवी पायरी: काठाला हात लावताना घाई नको

पहिल्या वर्षी शक्यतो रोपं लावू नका, नुसतं पाहा. कोणती झाडं-झुडपं आपोआप उगवताहेत, कुठे काठ धुपतोय, कुठे पक्षी उतरतात. मग तिथल्याच मातीत वाढणारी स्थानिक जातींची रोपं निवडा आणि जेवढी जगवता येतील तेवढीच लावा. केनियात १९७७ मध्ये वांगारी मथाई यांनी सुरू केलेल्या ग्रीन बेल्ट चळवळीत महिलांना जगलेल्या रोपामागे छोटं मानधन मिळत असे. तुमच्या फलकावरही ‘लावलेली रोपं’ हा आकडा नको, ‘जगलेली रोपं’ हा असू द्या.

काठावरचं सगळं गवत आणि झुडूप उपटून जागा ‘स्वच्छ’ करण्याचा आग्रह कोणीतरी धरतंच. त्यांना समजावून सांगा की त्या मुळांनीच माती धरून ठेवली आहे. ओढ्यात पडलेला ओंडका प्रवाह अडवत नसेल तर तिथेच राहू द्या, त्याच्या आडोशाने मासे आणि किडे राहतात. आणि डास कमी होतील म्हणून बाहेरून आणलेले मासे कधीही सोडू नका. गॅम्बुसिया हा मासा याच हेतूने जगभर सोडला गेला. तो इतर माशांची अंडी आणि बेडूकपिल्लंही खातो, आणि आज जगातल्या सर्वांत घातक परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे.

सहावी पायरी: आकडे घेऊन कार्यालयात जा

वर्षभराच्या नोंदी झाल्या की एका पानाचं निवेदन तयार करा. जागेचा नकाशा, दोन आलेख, खुंटीवरून घेतलेले दोन फोटो, आणि एकच मागणी. दहा मागण्या केल्या की एकही हलत नाही. ‘अमुक पुलाखालच्या पाइपातून सांडपाणी येतं, त्याच्या खालच्या बाजूला किड्यांच्या जाती निम्म्याने कमी आहेत, पाइप तपासावा’ असं लिहिलं की समोरच्याला उत्तर द्यावं लागतं. निवेदन मुलांनी वाचून दाखवावं, पाठपुरावा वस्तीतल्या मोठ्यांनी करावा. पोच घ्या, तारीख वहीत लिहा, महिन्याने पुन्हा विचारा. शाळेतल्या उपकरणांच्या मर्यादा कोणी दाखवल्या तर वाद घालू नका. प्रयोगशाळेकडून तपासणी करून घ्या, अशी विनंती त्याच वेळी करा.

सातवी पायरी: वही पुढच्या हाती द्या

मोठी मुलं शाळा सोडण्याआधी, निदान दोन महिने, त्यांच्याबरोबर धाकट्यांची जोडी लावा. जाळी कशी धरायची, ट्रेकडे किती वेळ बघत राहायचं, आकडा कुठे लिहायचा, हे सोबत करूनच शिकता येतं. नोंदींची वही कागदाची ठेवा, तिची एक प्रत शाळेत आणि एक वस्तीतल्या घरी. संगणकावर भरायला हरकत नाही, पण ज्याच्याकडे पासवर्ड होता तो निघून गेला की वर्षांची मेहनत अडकून पडते.

शाळा सोडलेल्या मुलांना सुट्टीच्या पाळीत नाव घालायला सांगा. त्यातली काही येतात, आणि त्यांना जागा आधीच माहीत असते. शेजारची दुसरी शाळा ‘आम्हालाही यायचंय’ म्हणाली, तर तिला तुमच्या पट्ट्यात सामावून घेण्याऐवजी वरच्या अंगाचा पट्टा द्या आणि जाळीची वेळ, नळीची लांबी, नोंदीचा तक्ता तुमच्यासारखाच ठेवायला सांगा. मग सांडपाणी नेमकं कुठे मिसळतं, हे दोन वह्या शेजारी ठेवून शोधता येईल.