फार्मसीच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी कॉलेजशी पार्टनरशिप करताय? या चुका टाळा

डब्ल्यूएचओच्या १९९७ सालच्या व्हँकूवरच्या बैठकीत फार्मासिस्टच्या सात भूमिका ठरल्या आणि त्यात लीडर ही एक होती. त्याला किती वर्षं झाली बघा, तरी विद्यार्थ्यांमध्ये लीडरशिप आणायची कशी असं विचारलं की बऱ्याच ठिकाणी उत्तर तेच, एखाद्या परदेशी युनिव्हर्सिटीशी करार करू, मुलं तिकडे पाठवू, बाकी आपोआप होईल. आपोआप काही होत नाही. पार्टनरशिपमधले खरे निर्णय मुलांच्या हातात असले तरच ती मुलं पुढे चार माणसं सोबत घेऊन काम करायला शिकतात. खालच्या बहुतेक चुका शेवटी याच एका गोष्टीपाशी येतात.

आधी एमओयू (सामंजस्य करार), मग काम

ही सगळ्यात कॉमन. सह्या होतात, फोटो निघतात, वेबसाइटवर बातमी लागते आणि पुढे वर्षभर कोणी कोणाला मेलसुद्धा करत नाही. बहुतेक एमओयू कायद्याने बांधील नसतात, पैसे कोण देणार, रोजचं काम कोण बघणार, मुलांचा रोल काय, यातलं त्यात काहीच नसतं, त्यामुळे सही झाली म्हणजे पार्टनरशिप झाली असं समजूच नका.

उलटं करा. आधी एक छोटं काम सोबत करून बघा. २५ सप्टेंबर हा जागतिक फार्मासिस्ट दिन किंवा १८ ते २४ नोव्हेंबरचा अँटिमायक्रोबियल रेझिस्टन्स (जंतूंवर औषधं चालेनाशी होणं) जागरूकता आठवडा, या तारखा जगभर सारख्याच आहेत म्हणजे तारखेवरून घोळ नाही. दोन्हीकडची चार-पाच मुलं मिळून पेशंटसाठी एक साधं पत्रक बनवू देत, आपापल्या भागात वापरू देत, आणि नंतर एकत्र बसून कुठे काय चाललं, कुठे लोकांना कळलंच नाही, हे बोलू देत. एवढ्या कामात समोरचे लोक मेलला कधी उत्तर देतात, शब्द पाळतात का, त्यांच्याकडे मुलांना बोलू देतात का, सगळं कळतं. मग करार लिहायला बसा, तो आपोआप नेमका होतो.

मुलांना फक्त धावपळीला ठेवणं

मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक हीच. अजेंडा प्राध्यापक ठरवतात, पाहुणे प्राध्यापक ठरवतात, बजेट ऑफिसात, आणि मुलांकडे काय तर बॅज वाटणं, सूत्रसंचालन आणि आभार. नंतर त्याच मुलांना स्टुडंट लीडर असं सर्टिफिकेट द्यायचं. ज्या मुलीने कधी पैसे कमी पडले म्हणून कार्यक्रमातलं एक सेशन स्वतः कापलेलं नाही, दोन देशांच्या टीममधलं भांडण मिटवलेलं नाही, किंवा प्राध्यापकांना नम्रपणे हे जमणार नाही सर असं सांगितलेलं नाही, ती नेमकं काय शिकली?

दुरुस्ती अवघड नाही, पण मोठ्यांना हात मागे घ्यावा लागतो. बजेटचा एक छोटा हिस्सा पूर्णपणे मुलांच्या ताब्यात द्या, खर्चाचा हिशोब त्यांनीच ठेवायचा आणि दोन्ही कॉलेजांसमोर मांडायचा. दर मीटिंग एक विद्यार्थी चालवेल, आळीपाळीने, एकदा इकडचा एकदा तिकडचा. प्राध्यापक हजर असावेत पण कायदा, पेशंटची सुरक्षा आणि मुलांची सुरक्षा या तीन गोष्टी सोडून कशातही शेवटचा शब्द त्यांचा नको. मुलं चुकतील, एखादा वेबिनार फसेल, रजिस्ट्रेशनची लिंक चालणार नाही, होऊ द्या, पण त्यानंतर बसून काय झालं हे मोकळेपणाने बोलायला वेळ ठेवा, कारण शिकणं तिथेच होतं आणि नेमकी तीच मीटिंग सगळे रद्द करतात.

हे जमतं का अशी शंका असेल तर आयपीएसएफकडे बघा, म्हणजे फार्मसी विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय फेडरेशन. १९४९ मध्ये लंडनला सुरू झाली, आजही विद्यार्थी आणि नुकतेच पास झालेले फार्मासिस्टच ती चालवतात, स्टुडंट एक्सचेंज, वर्ल्ड काँग्रेस, पेशंट काउन्सेलिंगच्या स्पर्धा, सगळं. युरोपात ईपीएसए आहे, म्हणजे तिथल्या फार्मसी विद्यार्थ्यांची संघटना. आणखी एक चूक इथेच सांगून टाकते, तुमच्या देशातली विद्यार्थी संघटना यांची मेंबर आहे का हे न बघताच लोक सगळं शून्यापासून उभं करायला जातात. आधी तिथे विचारा, अर्धं काम तयार मिळेल.

एकाच माणसाच्या भरवशावर सगळं

एका प्रोफेसरची तिकडे ओळख असते, त्यावर सगळं चालतं, ते दुसरीकडे गेले की बंद. विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर हे दरवर्षीच होतं कारण पदाधिकारी वर्षाला बदलतात आणि जुना सेक्रेटरी पासवर्डसकट गायब होतो. दोन्हीकडे किमान दोन-दोन प्राध्यापक ठेवा, मेल आयडी पदाच्या नावाचा असू द्या माणसाच्या नावाचा नको, आणि नव्या टीमने जुन्या टीमसोबत दोन-तीन महिने तरी काम केलं पाहिजे. हँडओव्हरच्या फाइलमध्ये नुसती मीटिंगची इतिवृत्तं नकोत, कोणाशी कसं बोलायचं, मागच्या वेळी काय अडलं, कुठली परवानगी किती आधी मागावी लागते, हे लिहून ठेवायला सांगा.

फार्मसी सगळीकडे सारखीच असेल असं धरून चालणं

नसते. अमेरिकेत फार्मडी (डॉक्टर ऑफ फार्मसी) ही डिग्री, आणि शेवटचं वर्ष जवळपास सगळं रोटेशनमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणी आळीपाळीने प्रत्यक्ष काम करण्यात जातं. ब्रिटनमध्ये चार वर्षांचं एमफार्म (तिथली फार्मसीची पहिलीच डिग्री) आणि त्यानंतर वर्षभराचं फाउंडेशन ट्रेनिंग. त्यामुळे दोन्हीकडच्या थर्ड इयरच्या मुलांना एका टीममध्ये टाकलं की एकाने वॉर्डात पेशंटशी बोलायची सवय केलेली असते आणि दुसऱ्याने आत्तापर्यंत फक्त लॅब पाहिलेली असते, मग पहिला बोलत राहतो आणि दुसरा गप्प. जोड्या लावताना वर्ष बघू नका, आत्तापर्यंत प्रत्यक्षात काय केलंय ते विचारा. केस डिस्कशनला औषधांची जेनेरिक नावंच वापरा, आणि तीही आधी जुळवून घ्या, कारण एकीकडचं पॅरासिटामॉल दुसरीकडे अ‍ॅसिटामिनोफेन असतं, साल्ब्युटामॉलचं अल्ब्युटेरॉल होतं.

आता गंभीर भाग. पाहुण्या विद्यार्थ्याला त्या देशात डिस्पेन्सिंग करायची, म्हणजे पेशंटला औषध द्यायची परवानगी आहे का, का फक्त बघायचं, हे जायच्या आधी लेखी पाहिजे. आपल्याकडे करतो म्हणून तिकडेही काउंटरवर उभं राहिलो, असं चालत नाही, त्यात पेशंटलाही धोका आणि होस्ट फार्मासिस्टचं लायसन्सही अडचणीत येऊ शकतं. वॉर्डातले फोटो, प्रिस्क्रिप्शनचे फोटो सोशल मीडियावर टाकायचे नाहीत हे निघण्याआधीच बजावून सांगा. हेपटायटिस बीचं लसीकरण, हेल्थ इन्शुरन्स, काही ठिकाणी पोलीस व्हेरिफिकेशन, हे मागतात, आणि व्हिसाची कागदं होस्टकडून यायला वेळ लागतो (अमेरिकेच्या जे-१ या एक्सचेंज व्हिसाला डीएस-२०१९ फॉर्म लागतो, तो स्पॉन्सरने द्यावा लागतो). ही चेकलिस्ट बनवायचं काम मुलांनाच द्या, प्राध्यापकांनी तपासा.

ज्याला परवडतं तोच लीडर

मार्क, फाडफाड इंग्रजी आणि तिकिटाचे पैसे, यावर निवड झाली की तीच ती मुलं पुन्हापुन्हा जातात. अर्जात एवढंच विचारून बघा, तू स्वतः सुरू केलेली एखादी गोष्ट सांग आणि परत आल्यावर इथे काय करणार ते सांग. शक्य तितक्या खर्चाची सोय करा, आणि प्रवास न करताही पूर्ण जबाबदारीचा रोल मिळेल असे ऑनलाइन प्रोजेक्ट ठेवा. ते दुय्यम मानू नका, दोन टाइमझोनमधली टीम सांभाळणं हे फिरायला जाण्यापेक्षा अवघडच आहे.

याच्याच जोडीला एकतर्फीपणा येतो. श्रीमंत देशातली मुलं येतात, दोन आठवडे बघतात, जातात, होस्ट कॉलेजच्या माणसांचा वेळ जातो आणि त्यांच्या मुलांना काहीच मिळत नाही. दोन्ही बाजूंनी प्रवास जमत नसेल तर बदल्यात काय द्यायचं हे होस्टने सांगायचं, ट्रेनिंग असेल, जर्नलचा अ‍ॅक्सेस असेल किंवा रिसर्च पेपरमध्ये बरोबरीचं नाव असेल, पाहुण्यांनी परस्पर ठरवायचं नाही.

घड्याळ आणि कॅलेंडर

छोटी वाटते पण पार्टनरशिप मोडते. ऑस्ट्रेलियात वर्ष फेब्रुवारी-मार्चला सुरू होतं, युरोपात बऱ्याच ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबरला, म्हणजे एकाची परीक्षा तेव्हा दुसऱ्याचा उत्साह. पहिल्याच मीटिंगला दोन्ही कॅलेंडर शेजारी ठेवून मोकळे आठवडे शोधा. मार्चमध्ये उन्हाळ्याच्या वेळेसाठी अमेरिकेचं घड्याळ युरोपच्या आधी तासभर पुढे जातं, त्या दोन-तीन आठवड्यांत हमखास कोणीतरी तासभर लवकर किंवा उशिरा येतं, म्हणून वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत लिहा. आणि दर वेळी एकाच बाजूने रात्री जागायचं असं नको, वेळ बदलती ठेवा.

अडलंच तर

समोरून उत्तर येणं बंद झालं तर लगेच डीनकडे तक्रार नको, आधी तिथल्या विद्यार्थ्यांना विचारा, बरेचदा परीक्षा असते किंवा माणूस बदललेला असतो. काम लहान करून पुन्हा विचारा, हो किंवा नाही इतक्यातच उत्तर देता येईल असं. दोन सेमिस्टर काहीच हललं नाही तर आभार मानून थांबा, चालू नसलेला करार वेबसाइटवर ठेवू नका.

मुलं परत आल्यावर गप्प होत असतील तर जायच्या आधीच त्यांच्याकडून इथल्या एका प्रोजेक्टची तारीख घेऊन ठेवा आणि ज्युनियर जोडून द्या. आणि रिपोर्टमध्ये किती जण गेले, किती वेबिनार झाले हे आकडे असू द्या, पण सहा महिन्यांनी फोन करून विचारा की आता तू काय चालवतोस, तुझ्यासोबत कोण आहे, कुठे अडलंय. ती उत्तरं पुढच्या वर्षीच्या टीमला तशीच्या तशी द्या, तुम्ही सारांश काढू नका.