पूर यायच्या आधी गल्लीनं काय ठरवावं

आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात. २००५, २०१९, २०२१, तिन्ही पूर मी पाहिले. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. आम्ही ३९ लाच जनावरं हलवतो. माणसं गोठ्यापायी मागं राहतात आणि तीच अडकतात, म्हणून म्हशी कुठं बांधायच्या, वैरण कोण देणार, हे उन्हाळ्यातच ठरवा. वहीत घरटी नोंद ठेवा: म्हातारी माणसं, बाळंतीण, साखरेची गोळी घेणारे. नावेत किती जण, हेही ग्रामसभेतच ठरवा. २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला जादा माणसं बसलेली नाव उलटली. पाणी चढताना काठावर कोण कुणाला नावेतून उतरवणार? पूर ओसरल्यावर पाण्याचा पहिला टँकर, जिचा नंबर नेहमी शेवटी लागतो, त्या वस्तीत न्या.