ॲक्सल कापण्याआधी ठिपका मारा
जुन्या पिकअपला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होणारं) बसवताय? मग ग्राइंडर हातात घेण्याआधी चाकाचा मध्य चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, उतरवून घ्या. जुना ॲक्सल निघाला की ती जागा पुन्हा सापडत नाही, आणि चाक मडगार्डच्या कमानीत बोटभर जरी मागे सरकलं तरी ते कायम डोळ्यांत खुपतं. खडू पुसला जातो. दोन्ही बाजूंना सेंटर पंचने, म्हणजे लोखंडात खळगा पाडणाऱ्या टोकदार हत्याराने, ठिपकाच मारा.

चासी स्टँडवर घेताना गाडी शेवटी ज्या कलात उभी राहणार, तोच कल ठेवा. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल, त्यावरच ठरतो. नवा क्रॉसमेंबर (चासीच्या दोन बाजू जोडणारा आडवा तुकडा) आधी वेल्डिंगच्या नुसत्या छोट्या टाक्यांवर धरा आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांमधले दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सारखे भरले तरच पक्कं वेल्डिंग, तेही थोडं इकडे, थोडं तिकडे. सलग ओढलंत तर उष्णतेने चासी ओढली जाते.