हँडीच्या वॉटपेक्षा आधी केबल बघा
हॅम म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स मिळालं की पहिला प्रश्न हँडी, म्हणजे हातातला वायरलेस सेट, किती वॉटची, पण गच्चीवरच्या अँटेनापासून खोलीपर्यंत वीसेक मीटर आरजी-58 ही बारीक कोअॅक्स केबल टाकली तर 145 मेगाहर्ट्झ या हॅम फ्रिक्वेन्सीला साधारण 4 डीबी (डेसिबल, सिग्नल घटण्याचं माप) तिथंच जातात, म्हणजे निम्म्याहून जास्त पॉवर केबलच खाते. आरजी-213 घ्या, जाड आहे, वळवताना वैताग येतो खरा, पण लॉस निम्म्यावर येतो. अँटेना विकत कशाला, क्वार्टर वेव्ह ग्राउंड प्लेन (पाव तरंगलांबीचा उभा रॉड असलेला अँटेना) घरीच होतो, मधला रॉड 50 सेंटीमीटरच्या आसपास, चार रेडियल म्हणजे बाजूच्या सळ्या 45 अंशात खाली, रॉड थोडा लांबच ठेवून एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते याचं माप) बघत कापायचा. आणि कनेक्टरवर नुसती काळी टेप नको, सोलापूरच्या मे महिन्यात तिचा गोंद सुटतो अन् पावसाचं पाणी थेट केबलच्या जाळीत, आधी सेल्फ फ्यूजिंग, म्हणजे स्वतःलाच चिकटणारी, रबर टेप ताणून गुंडाळा.