ओपनिंग बँड चुकवू नका: लाइव्ह गिग नीट कसा ऐकायचा

गिगला, म्हणजे बँडच्या लाइव्ह कार्यक्रमाला, जायचं म्हणलं की सगळे आधी एकच विचारतात, मेन बँड किती वाजता येणार? आणि मग बरोब्बर त्याच वेळेला पोचतात. मी पण पहिली काही वर्षं हेच केलं. मग एकदा वेळेचा घोळ झाला आणि मी दार उघडल्या उघडल्याच आत गेले, हॉलमध्ये मोजून वीस-बावीस लोक आणि स्टेजवर तिघांचा एक बँड ज्याचं नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. अर्धा तास वाजवलं त्यांनी. तिसऱ्या गाण्यात मधेच गिटार आणि ड्रम एकदम बंद, नुसता बेस (खालच्या जाड सुरांची गिटार) चालू राहिला, किती वेळ कोण जाणे, आणि मग सगळे परत एकत्र आत आले तेव्हा छातीत अक्षरशः धक्का बसला. त्या रात्री मेन बँडने काय काय वाजवलं ते आज आठवायला लागतं, ते तिघं मात्र जसेच्या तसे डोळ्यासमोर आहेत. तेव्हापासून दार उघडायची वेळ तीच माझी पोचायची वेळ.

खाली जे लिहितेय ते सगळं याच्याच भोवती आहे. इंडी (मोठ्या कंपन्यांशिवाय स्वतंत्रपणे गाणी काढणारा) किंवा रॉक बँड लाइव्ह ऐकायचा तर छोट्या जागी ऐका, लवकर जा, पहिला बँड, म्हणजे मेन बँडच्या आधी वाजवणारा ओपनिंग बँड, मन लावून ऐका.

छोट्या जागेचं का म्हणते बघा. ४ जून १९७६ ला मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स हा पंक रॉक बँड वाजवायला आला तेव्हा ऐकायला चाळीसेक लोकच होते असं मानतात. त्यात बर्नार्ड सम्नर आणि पीटर हुक होते, ते तिथून बाहेर पडले ते स्वतःचा बँड काढायचा असं ठरवूनच, आणि त्याचाच पुढे जॉय डिव्हिजन हा गाजलेला बँड झाला. तो शो भरवला होता हॉवर्ड डेव्होटो आणि पीट शेली या दोघांनी. त्यांचा स्वतःचा बँड, बझकॉक्स, तेव्हा तयारच नव्हता, पण २० जुलैला पिस्टल्स परत त्याच हॉलला आले तेव्हा ओपनिंगला बझकॉक्स उभे होते. त्या दिवशी जे "मेन बँडच्या वेळेला" पोचले असतील त्यांचं काय हुकलं विचार करा!

आता तयारी. बँड नवीन असेल तर अख्खी डिस्कोग्राफी, म्हणजे त्यांचे सगळे अल्बम, पाठ करायची काही गरज नाहीये, तीन-चार गाणी ओळखीची झाली तरी पुरे, कारण ओळखीचं गाणं मधे आलं की कानाला टेकायला जागा मिळते आणि बाकीचं नवीन ऐकायला दम राहतो. पण रेकॉर्डिंग ऐकून झाल्यावर त्याच गाण्याचं एखादं लाइव्ह सेशन नक्की बघा, सिएटलच्या केईएक्सपी रेडिओची सेशन्स यासाठी फार चांगली आहेत, कॅमेरा हातांवर असतो आणि आवाज स्वच्छ असतो. अल्बममध्ये एकावर एक पाच गिटार चढवलेल्या असतात आणि स्टेजवर माणसं चारच, मग ते काय गाळतात, काय एकाच गिटारवर निभावून नेतात, कोरसचा दुसरा आवाज कोण उचलतं, हे एकदा बघितलं की गिगमध्ये कान आपोआप तिकडे जातात. अजून एक करून बघा. फुगाझी या वॉशिंग्टन डीसीच्या बँडने हजारावर शो केले आणि त्यातले ८०० हून जास्त त्यांच्या साउंड इंजिनिअर्सनी रेकॉर्ड करून ठेवले, २०११ पासून ते ऑनलाइन टाकायला सुरुवात झाली. एकच गाणं दोन वेगळ्या वर्षांच्या शोमधून लागोपाठ ऐका. एकात टेम्पो (गाण्याचा वेग) पळतोय, एकात मधला भाग लांबवलाय. लाइव्ह म्हणजे काय ते मला खरं तिथे कळलं.

सेटलिस्टच्या साइटवर जाऊन आज काय काय वाजणार ते आधी बघायचं का? मी नाही बघत. शेवटच्या बसची घाई असेल तर शो साधारण किती लांबतोय तेवढं बघून घ्या आणि बंद करा.

कानाचं मात्र नीट वाचा. हे मी सगळ्यांना सांगत असते आणि लोक हसण्यावारी नेतात. ८५ डेसिबल आवाज कानाला साधारण ८ तास चालतो असं धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे ८८ ला ४ तास, ९१ ला २, आणि १०० डेसिबलला आलात की फक्त १५ मिनिटं. रॉक शोमध्ये १०० सहज होतात आणि शो दोन-अडीच तासांचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी मार्गदर्शक नियम काढले त्यात सुद्धा वरची मर्यादा सरासरी १०० डेसिबलच धरलीये. मी एकदा स्पीकरला चिकटून अख्खा शो ऐकला आणि पुढचे दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती, रात्री झोप नाही, कोण बोललं तर कापसातून ऐकू यायचं. नशिबाने गेलं. सगळ्यांचं जातंच असं नाही.

तर इअरप्लग घ्या. फोमचे स्वस्त असतात आणि वाचवतात पण वरचे सूर जास्त खातात, त्यामुळे सगळं गोधडीखालून ऐकल्यासारखं वाटतं. खास संगीतासाठी बनवलेले फिल्टरवाले प्लग मिळतात, ते सगळे सूर साधारण सारखेच खाली आणतात, झांजा झांजांसारख्याच वाजतात फक्त हळू. फोमचे वापरत असाल तर बोटांनी बारीक वळून घ्या, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत तीसेक सेकंद बोट धरून ठेवा, नुसता कानाच्या तोंडाशी अडकवला तर काही उपयोग नाही. आणि हे पहिल्या गाण्याआधी, कान दुखायला लागल्यावर नाही. प्लग घातले म्हणजे आपण कच्चे ऐकणारे असं कुणाला वाटत असेल तर माय ब्लडी व्हॅलेंटाइन या प्रचंड जोरात वाजवणाऱ्या बँडच्या शोला दारातच लोकांना इअरप्लग वाटायचे, एवढंच सांगते.

कुठे उभं राहायचं यावर मी तासभर बोलू शकते.

सगळ्यांना वाटतं सगळ्यात पुढे, मधोमध. तिथून दिसतं मस्त, पण छोट्या हॉलमध्ये ऐकू काय येतं? गिटारचे अ‍ॅम्प आणि ड्रम थेट तुमच्या तोंडावर येतात आणि गाणाऱ्याचा आवाज येतो पीएच्या, म्हणजे हॉलसाठी लावलेल्या मुख्य, स्पीकरमधून, जे बाजूला आणि वर लावलेले असतात, म्हणजे आवाज तुमच्या डोक्यावरून मागे निघून जातो. लोक म्हणतात "व्होकल्स ऐकूच नाही आले, साउंड बेकार होता." साउंड ठीक असतो, जागा चुकलेली असते. गिटारच्या अ‍ॅम्पचा तर वरचा सूर टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो, समोर उभं राहिलात तर कान कापतो आणि दोन पावलं बाजूला झालात की गिटार एकदम गोड लागते.

सगळ्यात चांगलं ऐकू येतं ते साउंड डेस्कजवळ, तो मिक्सर घेऊन इंजिनिअर बसलेला असतो ना तिथे, कारण तो स्वतःच्या कानाला जे येतंय तेच नीट करत असतो. त्याच्या थोडं पुढे उभे रहा, त्याला स्टेज दिसू द्या. भिंतीला किंवा कोपऱ्यात चिकटून उभं राहू नका, तिथे बेस, म्हणजे खालचे जाड सूर, फुगतात आणि सगळं घों-घों होतं. बाल्कनीच्या खाली खूप आत जाऊ नका, वरचे सूर तिथवर पोचत नाहीत. सबवूफर (बेसचे मोठे स्पीकर) स्टेजच्या डाव्या-उजव्या दोन्ही टोकांना असतील तर बरोब्बर मधल्या रेषेत बेस सगळ्यात जोरात लागतो, तीन-चार पावलं इकडे तिकडे सरकून बघा, फरक लगेच कळेल. मोठ्या मैदानावर गोष्ट वेगळी, आवाज सेकंदाला ३४० मीटरच जातो म्हणून १०० मीटर मागे उभं राहिलात तर ड्रमरची काठी आधी खाली येते आणि आवाज पाव सेकंदाहून जरा जास्तच उशिरा पोचतो. म्हणून मधे उंच मनोऱ्यांवर वेगळे स्पीकर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात. मागे थांबायचंच असेल तर त्या मनोऱ्याच्या स्पीकरसमोर, जरा अंतरावर थांबा.

माझी स्वतःची पद्धत अशी की ओपनिंग बँडला मी पुढे जाते, कडेला, बेसवाल्याच्या बाजूला, कारण तेव्हा गर्दी नसते, बोटं दिसतात, पायाखालची पेडल्स दिसतात, ते एकमेकांना डोळ्यांनी काय खुणावतायत ते दिसतं. मेन बँडला मागे डेस्कजवळ येते. माझी उंची कमी आहे त्यामुळे मागे एखादी पायरी असेल तर ती लवकर धरून ठेवते, लवकर यायचा हा अजून एक फायदा.

ऐकताना पहिल्या दोन गाण्यांवरून मत बनवू नका प्लीज. साउंडचेक, म्हणजे शोआधी आवाज लावून बघणं, होतो तेव्हा हॉल रिकामा असतो आणि आता माणसं भरलीत, माणसांची अंगं आणि कपडे वरचे सूर शोषतात, त्यामुळे दुपारी लावलेलं मिक्स (सगळ्या आवाजांचं आपापसातलं प्रमाण) संध्याकाळी तसंच लागत नाही आणि इंजिनिअर सुरुवातीच्या गाण्यांत तेच सावरत असतो. ओपनिंग बँडला तर साउंडचेकला कधी दहा मिनिटं मिळतात, कधी तेवढीही नाहीत, ते बिचारे स्टेजवरच जमवून घेतात. गाणारी व्यक्ती बोट वर करून बाजूला बघत असेल तर बहुतेक मॉनिटर (स्टेजवर बँडकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर) वाढव असं सांगतेय, म्हणजे तिला स्वतःचाच आवाज ऐकू येत नाहीये आणि तरी सुरात गातेय. हे कळलं की त्या बँडबद्दलचा आदर वाढतो.

एक सोपी सवय लावा, दर गाण्याला एकच वाद्य धरा. पहिलं गाणं फक्त ड्रमरचा उजवा पाय, पुढचं फक्त बेस, मग रिदम गिटार. लोक सोलोकडे बघत असतात पण बँड चांगला की नुसता जोरात, ते बेस आणि किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एकत्र पडतायत का यावरून कळतं. आणि हळू भाग ऐका. पिक्सीज या अमेरिकन बँडने ते हळू कडवं आणि मग फाटणारं कोरस एवढं लोकप्रिय केलं की त्यानंतर कितीतरी बँडनी ते उचललं, पण जोरात वाजवणं सोपं आहे हो, जोरात वाजवून झाल्यावर सगळ्यांनी एकदम खाली येणं आणि ताल न सोडणं अवघड. जो नवा बँड ते करतो त्याचं नाव मी लगेच लिहून घेते. आणि त्या हळू भागात शेजारच्याशी गप्पा नका मारू, मनापासून सांगते, ते ऐकायलाच तर आलोय आपण.

फोनचं म्हणाल तर एक फोटो, हवं तर एक मिनिट व्हिडिओ, मग खिशात.

गर्दी हा गमतीचा विषय नाही. पुढे धक्काबुक्कीत उभं राहणार असाल तर बुटांच्या नाड्या घट्ट, पाठीवर बॅग नको, आणि दाब वाढला तर दोन्ही हात छातीसमोर बॉक्सरसारखे, म्हणजे श्वासाला जागा राहते. लोंढ्याच्या उलट ढकलत बसू नका, लोंढा थांबला की तिरकं तिरकं कडेला सरका. कुणी पडलं तर आधी त्याला उचलायचं, बाकी सगळं नंतर. ३० जून २००० ला डेन्मार्कच्या रोस्किल्ड फेस्टिव्हलमध्ये पर्ल जॅम वाजवत असताना पुढच्या गर्दीत ९ जणांचा जीव गेला. फुगाझीवाले तर पुढे कुणी मारामारी करताना दिसलं की गाणंच थांबवायचे, मला ते फार पटतं. कुणी नको म्हणत असताना त्याला ओढून पिटमध्ये, म्हणजे पुढच्या धक्काबुक्कीत, नेणं पण त्यातच आलं.

शो संपला की लगेच पळू नका. मर्चच्या, म्हणजे बँडचे टीशर्ट, रेकॉर्ड विकायच्या, टेबलावर जा आणि पहिल्यांदा ओपनिंग बँडच्या टेबलावर जा. बरेचदा ज्याने आत्ता ड्रम वाजवले तोच घामाघूम होऊन टीशर्ट विकत असतो. छोट्या बँडला ओपनिंगचे पैसे फार कमी मिळतात, गाडीचं इंधन कित्येकदा या टेबलावरूनच निघतं. काही घेणं जमत नसेल तरी दोन वाक्यं बोला, आणि नुसतं "भारी होतं" नको, काय आवडलं ते सांगा, तिसऱ्या गाण्यात तुम्ही थांबलात ते, किंवा शेवटी दोघांनी एकत्र गायलं ते. मी त्या तिघांना तसं सांगितलं तेव्हा बेसवाली म्हणाली की ते थांबणं त्यांनी त्याच दिवशी साउंडचेकला ठरवलं होतं.

घरी आल्यावर बँडकॅम्प या गाणी विकत घ्यायच्या साइटवर त्यांना शोधा. तिथे डिजिटल विक्रीतून साइट १५ टक्के घेते, वर पेमेंटची फी जाते, आणि बाकीचे पैसे बँडला किंवा त्यांच्या लेबलला (गाणी काढणाऱ्या कंपनीला) जातात. २० मार्च २०२० ला त्यांनी एक दिवस स्वतःचा वाटा सोडला, तेव्हापासून अधूनमधून असे शुक्रवार ते ठेवतात, घ्यायचं असेल तर तो दिवस बघून घ्या. मग त्यांचं लेबल कुठलं ते बघा, कारण छोट्या लेबलवरचे बँड एकाच कानाने निवडलेले असतात. डिस्कॉर्ड हे लेबल फुगाझीच्याच इयान मकायने १९८० मध्ये जोडीदारासोबत काढलं, मर्ज हे लेबल सुपरचंक या बँडच्या दोघांनी १९८९ मध्ये. एक बँड आवडला तर त्याच लेबलवरचे अजून दोन तरी आवडतात असा माझा अनुभव आहे.

आणि झोपायच्या आधी वहीत चार ओळी लिहा. तारीख, जागा, कुठे उभे होतात, कुठलं गाणं, ओपनिंग बँडचं नाव स्पेलिंगसकट. मग त्यांचा पुढचा शो कधी आहे ते बघून कॅलेंडरमध्ये टाका, आणि वेळ टाकताना दार उघडायची टाका.